टाळी चुकली

टाळी वाजवली आणि अख्ख्या चॅपेलमध्ये मी एकटाच!

जुन्या गोव्याच्या टेकडीवरचं मोंत चॅपेल, खाली मांडवी नदी, पलीकडे दिवाडी बेट. चौघं जण हायडन या पाश्चात्त्य संगीतकाराचं क्वार्टेट, म्हणजे चार वाद्यांची रचना, वाजवत होते. सूर थांबले, मी टाळी दिली. शेजारच्या काकांनी असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून आलोय. "अजून संपलं नाही हो."

पुन्हा सूर थांबले. या वेळी टाळी काकांची! व्हायोलिनवालीचा गज हवेतच, ओठांवर हसू. काका छताकडे बघायला लागले.

घरी येऊन शोधलं. १७८१ सालच्या या रचनेचं टोपणनावच 'जोक'. शेवटी मुद्दाम फसवे थांबे पेरलेत.

आपल्या मैफलीत कुठेही 'क्या बात है' म्हणावं, गवई खूशच. मग पाश्चात्त्य मैफलीतच हात मांडीखाली दाबून का बसतो आपण?