१८० ठोके आणि एक प्रश्न

कॅथलॅबमधून (हृदयाच्या तपासण्या-उपचारांच्या खोलीतून) बाहेर पडले तेव्हा नाशिकच्या गंगापूर रोडवर दिवे लागले होते. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आजच्या पेशंट दिंडोरीकडच्या मावशी. द्राक्षबागेत काम करता करता अचानक धडधड, गळ्यापर्यंत ठोके जाणवायचे. कित्येक वर्षं "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकलं त्यांनी. राग येतो मला याचा.

मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळ्या, हृदयात पोचले, पेसिंग केलं (विजेच्या सौम्य झटक्यांनी ठोके चालवले) आणि मॉनिटरवर मिनिटाला १८०! "हीच गं बाई ती!" मावशी म्हणाल्या.

खरं काम इथून पुढे. ही धडधड कुठली? एव्ही नोडमध्येच (हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधला विजेचा दुवा) गरगरणारी, जन्मजात जादा वाटेने फिरणारी, की वरच्या कप्प्यातच उगम असलेली? साध्या ईसीजीवर तिन्ही बऱ्याचदा सारख्याच दिसतात. इथे वरचा आणि खालचा कप्पा जवळपास एकदमच उठत होते, अंतर ७० मिलिसेकंदांहून कमी. जादा वाटेने फिरून वर यायला याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ती बाद. मग सरांनी खालच्या कप्प्यातून थोडं जलद पेसिंग केलं आणि ते पेसिंग थांबवून पुढचे ठोके पाहिले. आम्ही सगळे श्वास रोखून. खाली, वर, खाली. मध्ये वरचा ठोका दोनदा आला असता तर संशय वरच्या कप्प्यावर गेला असता. नाही आला. नोडमधलीच, एव्हीएनआरटी!

नोडमधल्या दोन वाटांपैकी संथ वाटेवर ॲब्लेशन झालं, म्हणजे ती वाट निकामी केली. नंतर औषध देऊन धडधड परत उठवून पाहिली, उठली नाही.

मावशींचा पहिला प्रश्न: "छाटणीला कधी जाऊ?"