पदकांची पेटी आणि कपाटातले ३८ दिवस

माजी सैनिकाला स्वतःच्या हाताने केलेली लाकडी वस्तू भेट द्यायची असेल, तर त्यासाठी कोणत्याही कार्यालयाच्या परवानगीची गरज नसते, ही साधी गोष्ट समजण्यासाठी मला ३८ दिवस आणि एक चांगली पेटी खर्ची घालावी लागली. त्या ३८ दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातील घराच्या मागच्या पडवीत मी सुतारकामाची हौस भागवतो. शहराच्या जुन्या भागात एक वाडा पाडला जात होता, तेथून सागवानाच्या तीन तुळया मिळाल्या आणि त्यांतून सैनिकांच्या पदकांसाठी भिंतीवर टांगण्याच्या उथळ पेट्या करण्याचे मनात आले. जुन्या तुळईत डोके तुटलेले खिळे हमखास असतात, म्हणून रंधा लावण्यापूर्वी लाकडावरून चुंबक फिरवावे. मी ते केले नाही आणि पहिल्याच दिवशी रंध्याचे पाते दातरे झाले. बाकी काम मे ते जुलैमध्ये सुरळीत झाले. अकरा पेट्या, प्रत्येकी १२ इंच रुंद, ९ इंच उंच आणि दीड इंच खोल, कोपरे ४५ अंशांत कापून जोडलेले, समोर काचेऐवजी ३ मिलिमीटर जाडीचे अॅक्रिलिक, कारण काच एसटीच्या प्रवासात टिकली नसती.

ऑगस्टच्या मध्याला मी शहरातल्या एका कार्यालयात गेलो. त्याचे नाव लिहीत नाही. असे कार्यालय प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले असते. माझी विनंती एवढीच होती की, ७ डिसेंबरला, म्हणजे १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनी, जिल्ह्यातील अकरा ज्येष्ठ माजी सैनिकांना या पेट्या एखाद्या छोट्या कार्यक्रमात दिल्या जाव्यात. समोरच्या लिपिकाने विहित नमुन्यातील अर्ज दिला, त्यात देणगीची रक्कम लिहिण्याचा रकाना होता, पण वस्तू लिहिण्याचा नव्हता. मी रकमेच्या जागी ‘अकरा लाकडी पेट्या’ असे लिहिले. दोन दिवसांनी अर्ज परत आला, वर शेरा होता की, वस्तूचे मूल्य नमूद करून मूल्यांकनाचा दाखला जोडावा. पाडलेल्या वाड्याच्या तुळईचे आणि माझ्या फावल्या वेळाचे मूल्यांकन कोण करणार, असे विचारल्यावर लिपिकांनी मान हलवली आणि पुढचा कागद हातात घेतला. अखेर वखारीच्या मालकाने आपल्या पावतीपुस्तकावर एक अंदाजी रक्कम लिहून दिली आणि ती चालली.

पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. अकराच जणांना का, आणि ते अकरा कोणी निवडायचे? नावे आणि पत्ते मला देण्यास त्यांनी नकार दिला. त्या वेळी मी चिडलो, पण आज वाटते की, अनोळखी माणसाच्या हाती अशी यादी न देणे बरोबरच होते. त्यानंतर सांगण्यात आले की, साहेबांनी वस्तू पाहिल्याशिवाय टिपणी पुढे जाणार नाही, तेव्हा नमुना जमा करावा. १८ ऑगस्टला मी सर्वांत चांगली पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून तेथे ठेवली. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक मी घेतला होता, पण पेटीची पोच घेतली नाही. कोणीही अशी वस्तू ठेवत असेल, तर वस्तूचे वर्णन लिहून त्यावर सही-शिक्का घेतल्याशिवाय जागेवरून उठू नये.

त्यानंतर दर सोमवारी माझी फेरी ठरलेली. साहेब दौऱ्यावर आहेत, साहेब बैठकीत आहेत, टिपणी वर गेली आहे, टिपणी खाली आली आहे पण शेरा वाचता येत नाही. चौथ्या सोमवारी लिपिक बदलून गेले होते आणि नव्या लिपिकांनी विचारले, “काका, तुम्ही खरंच नमुना दिला होता का?” माझा आवाज चढला, हे कबूल करतो. माझ्या आवाजाने शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी डबा बंद केला, याहून अधिक परिणाम झाला नाही. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा असतो, आणि त्या वर्षीही तो आला. २५ सप्टेंबरला शिपायाने मागच्या लोखंडी कपाटातून गठ्ठ्यांच्या पाठीमागे दडलेली पेटी काढून दिली. भिंतीतून झिरपलेल्या पाण्याने वर्तमानपत्र तिला चिकटले होते, पाठीची सागवानी फळी फुगली होती आणि तिने आतून रेटा देऊन खालचा डावा कोपरा करंगळी जाईल एवढा उघडला होता.

त्यात माझी चूकही होती. मेच्या कोरड्या उन्हात मी पाठीची फळी चारही बाजूंनी घट्ट ठोकून बसवली होती. लाकूड दमट हवेत रुंदीच्या बाजूने फुगते, त्यामुळे फळी चौकटीच्या खाचेत सैल, दोन मिलिमीटर मोकळी ठेवून बसवावी आणि तिला चिकटवू नये. उरलेल्या दहा पेट्यांच्या पाठी मी त्या आठवड्यात उकलून तशा बसवल्या.

पेटी हातात देताना शिपाई म्हणाला, “काका, तुमच्या गल्लीत एखादा मेजर नाही का? त्यालाच द्या की नेऊन.” आमच्याकडे गावोगावी फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला, तो नाईक असो की सुभेदार, मेजर म्हणतात. माझ्या गल्लीत एक नव्हे, दोन मेजर होते. एवढे दिवस मी त्या कार्यालयाच्या बाकावर बसलो, कारण मला कार्यक्रम हवा होता, आणि खरे सांगायचे तर त्यात माझा एक फोटोही हवा होता.

गल्लीतल्या हवालदार साहेबांनी त्यांच्या ओळखीने मोहोळ, बार्शी आणि सांगोल्याकडची माणसे दिली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्या पेट्या घरोघरी पोचल्या. घरी गेल्यावर कळलेल्या गोष्टी मला आधी ठाऊक असत्या, तर बरे झाले असते. पदक सुमारे ३५ आणि फीत ३२ मिलिमीटर रुंद असते, म्हणून प्रत्येक पदकाला ४० मिलिमीटर जागा धरावी. १९७१ च्या युद्धाचे ‘पश्चिमी स्टार’ हे पदक ताऱ्याच्या आकाराचे असल्याने त्याचे टोक शेजारच्या पदकाला लागू नये, हेही पाहावे. ज्येष्ठ, म्हणजे मानाने वरचे, पदक छातीच्या मध्याकडे लावतात, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला ते येते. मी उलटा क्रम लावला होता. मोहोळजवळच्या एका सुभेदार साहेबांनी काही न बोलता स्क्रू काढून तो सुलटा केला. पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे ते चिकटवू नये आणि ब्रासोने घासूनही चकचकीत करू नये. पेटीवरच्या पितळी पट्टीवर कोरायचे नाव आधार कार्डावरून नव्हे, फौजेतून निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकावरून घ्यावे; या दोन्हींतील स्पेलिंग जुळत नाही, असे मला चार घरी आढळले. अशोकस्तंभाचे चिन्ह मी एकाही पेटीवर कोरले नाही, कारण त्याच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

आतल्या अस्तराबद्दल सांगायचे राहिले. लोकरीच्या कापडातील गंधकाने चांदी काळवंडते, म्हणून मी सोलापुरी सुती चादरीचा तुकडा धुऊन वापरला. बार्शीच्या एका मावशींनी पतीची पदके त्यावर मांडली आणि शेजारी त्यांचा फोटो ठेवायला जागा का नाही, असे विचारले. त्यानंतरच्या पेट्यांत उजवीकडे तेवढी जागा सोडली.

उघड्या कोपऱ्याची पेटी मी कोणाला देणार नव्हतो. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे खडकीच्या लष्करी अभियंत्यांच्या दलातून, निवृत्त झालेल्या सांगोल्याकडच्या नानांनी पिशवीत ती पाहिली, “खडकीला आम्ही काय नुसती परेड केली काय?” असे म्हणून फेविकॉल मागवला, कोपरा दाबून भोवती सुतळी गुंडाळली, तीत पळी घालून पीळ दिला आणि ओट्यावर ठेवून दिली. फेविकॉल सुकेपर्यंत सुतळी काढायची नाही, अशी ताकीद मला मिळाली. मग त्यांनी विचारले की, ही पेटी कोणाची, आणि मी म्हणालो, तुमचीच.