मुळांची जबाबदारी कोणाची?

गच्चीवरच्या बागेची दुरुस्ती काढली तेव्हा माती उपसणं सगळ्यात जड जाईल असं वाटलं होतं. ते पटकन उरकलं. घोडं अडलं एका कागदावर.

जुना बांबू काढला तेव्हा त्याचे आडवे कोंब निचऱ्याच्या थराखालून पार कठड्यापर्यंत गेलेले दिसले. डांबरी शीटचा जोड उचकटला, तर आत केसांसारखी मुळं चपटी होऊन बसलेली. साधी डांबरी शीट पाणी अडवते, मुळं नाही. मुळं रोखायला वेगळी शीट लागते.

मी शीटवाल्याला विचारलं, ‘‘मुळांची गॅरंटी?’’ तो म्हणाला, ‘‘ते माळ्याला विचारा.’’ माळी म्हणाला, ‘‘मुळं वाढणारच साहेब, शीटवाल्याला विचारा.’’ चाचणीचा दाखला मागितला, तर आला पाणीगळतीचा. परत मागितला, तर रंगीत माहितीपत्रक! प्रत्येक वेळी ‘उद्या पाठवतो’. मला हवी होती शीट मुळं रोखते का हे बघणारी एफएलएल ही जर्मन चाचणी किंवा ईएन १३९४८ ही युरोपीय चाचणी. एफएलएलमध्ये शीटवर दोन वर्षं झाडं वाढवतात आणि मग मूळ आत शिरलंय का ते बघतात, जोडांसकट. शेवटी तो दाखला आला, पण त्यात बांबूसारखी जोरकस आडव्या कोंबांची झाडं धरलेलीच नसतात. म्हणजे बांबू बादच. शिवाय चाचणीतले जोड घालणारे हात वेगळे, माझ्या गच्चीवरचे वेगळे. म्हणून जोडांची हमी कंत्राटदाराकडून लेखी घेतली. शेवटचं बिल अडवून ठेवलं तेव्हा कागद एका दिवसात आला, हे सांगायला मला अजूनही बरं वाटतं.

हो, माती टाकण्याआधी पाणी तुंबवून बघा, निदान चोवीस तास. मातीखालची गळती शोधणं म्हणजे डोकेदुखी. कठड्यालगत आणि आउटलेटभोवती फूट-दीड फूट पट्टा नुसत्या खडीचा ठेवा. मुळं ओलाव्यामागे आउटलेटकडे वाढतात. तिथल्या झाकणावर माती घालू नका, उघडून बघता आलं पाहिजे. आणि मातीत कुदळ नको, हातखुरपं पुरे, तेही बेताने.

पक्ष्यांच्या विष्ठेतून वड-पिंपळ उगवतातच. दोन पानांवर असताना उपटले तर मुळासकट येतात. जोडात शिरलेलं रोप मात्र हिसकू नका, वरून तुटतं आणि खालून पुन्हा फुटतं. तिथे जोड उघडून, मूळ काढून, नव्याने पट्टी लावावी लागते. ते कंत्राटदाराच्या हमीत बसतं का, हेही आधीच लिहून घ्या.