बावीस गेजची तार, पण कुठली बावीस?

मागच्या नोंदीत मी मोत्यांच्या कानातल्यांवर अडकले होते. तार मोत्यात जात नव्हती आणि सगळा दोष मोत्यांना देऊन मी मोकळी झाले होते. मोती बिचारे निर्दोष निघाले.

झालं असं, की २२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) तांब्याच्या तारेचं पहिलं रीळ संपलं म्हणून दुसरं मागवलं, दुसऱ्या ठिकाणाहून. वर आकडा तोच. पण जुन्या तारेवर सरसर सरकणारे मोती नव्या तारेवर तोंडाशीच अडून बसायला लागले. दोन्ही तारा शेजारी धरून पाहिल्या, डोळ्यांना काही फरक कळेना. मग पेन्सिलीवर दोन्हींचे वीस-वीस वेढे अगदी चिकटून घेतले आणि पट्टी लावली. जुन्या तारेचे २० वेढे १३ मिमीच्या जरा आत, नव्या तारेचे १४ च्या पुढे. म्हणजे एक तार साधारण ०.६४ मिमीची, दुसरी ०.७१ ची. पहिली अमेरिकन गेजची (एडब्ल्यूजी) आणि दुसरी ब्रिटिश गेजची (एसडब्ल्यूजी). दोन्ही बावीसच, कोणी खोटं बोललेलं नाही!

मोत्याचं भोक मुळात बारीक असतं, तिथे ०.०७ मिमी पुष्कळ झाले. आता मी गेज विचारतच नाही, जाडी मिलिमीटरमध्ये विचारते. हेडपिनसारख्या (टाचणीसारखी, एका टोकाला डोकं असलेली तार) लूपला, म्हणजे तार वळवून केलेल्या कडीला, ०.६४, बारीक भोकाच्या मण्यांना ०.५, नुसती वेढे घालायची सजावटीची तार ०.३ ते ०.४, आणि चौकटीला ०.८ किंवा १ मिमी. एवढ्यावर माझं सगळं भागतं.

मोटारच्या वाइंडिंगची तार वापरून पाहिली. सरावाला उत्तम, पण तिच्यावर इनॅमलचा थर असतो. पकडीचे दात लागले की ओरखडा पडतो आणि आतला निराळा रंग चमकायला लागतो. शिवाय ती तापवून मऊ करायची सोय नाही, थर जळतो. उघडी तांब्याची तार काळी पडते खरी, पण मीठ आणि व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवली की परत लख्ख. ‘सिल्व्हर’ शब्दालाही भुलू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. ज्यांच्या कानांना निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी मी त्याचे हुक करत नाही. घरातलं लोहचुंबक मात्र जवळ ठेवते. ‘तांब्याची’ म्हणून आलेली एक तार त्याला टपकन चिकटली होती, आत पोलाद आणि वर नुसता मुलामा.

आता लूप. या महिन्यात दीडशेच्या वर झाले असतील. पहिले पन्नास बघवत नाहीत, पण फेकले नाहीत. सुधारणा दोन गोष्टींनी झाली. एक, गोल नाकाच्या पकडीवर मार्करने रेघ मारली. तिचा जबडा टोकाकडे निमुळता असतो. रोज वेगळ्या जागी तार धरली तर लूप लहानमोठे होणारच. दुसरी गोष्ट म्हणजे मण्यावर जागा सोडणं. आधी मी मण्याला खेटूनच तार वाकवायचे आणि मग वेढे घालायला जागाच उरायची नाही. आता चपट्या पकडीचं टोक मण्यावर टेकवते, त्याच्यावरून तार काटकोनात मोडते. पकडीच्या टोकाची जी रुंदी, तेवढी मान आपोआप सुटते. तीन वेढे त्यात नेमके बसतात. साखळीची कडी वेढ्यांच्या आधी अडकवायची असते, हे मी अजूनही दर दहा लूपमागे एकदा विसरते.

चुकलेली तार सरळ करून परत वाकवायचा मोह आवरा. एकदा ठीक. दुसऱ्यांदा ती निबर होते, तिसऱ्यांदा वाकवताना तुटते, आणि तुटते ती नेमकी मण्याच्या तोंडाशी.

कटरची सपाट बाजू दागिन्याकडे, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पण त्याच कटरने ब्रेसलेटची पोलादी मेमरी वायर (गोल वेटोळ्याचा आकार न सोडणारी कडक तार) कापायची नसते, हे पात्याला खाच पडल्यावर कळलं. आता त्या खाचेतून निघालेलं प्रत्येक टोक बोचतं आणि कानसेनं घासावं लागतं.

मण्यांचं थोडक्यात: १६ इंची सरात ८ मिमीचे साधारण ५० मणी येतात, ६ मिमीचे ६५ च्या आसपास. कानातल्यांना एकच सर पुरून उरतो, मी उगाच तीन-तीन घ्यायचे. फिरोजा म्हणून घेतलेल्या सरावर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर बोळा निळा झाला. रंगवलेला पांढरा दगडच तो. दिसतो छान, म्हणून वापरणार आहे, पण देताना फिरोजा म्हणणार नाही. ही परीक्षा मोत्यांवर करू नका, त्यांची चमक जाते.

सध्या हातात थेंबाच्या आकाराचे मणी आहेत, वरच्या टोकाशी आडवं भोक असलेले. ०.५ ची तार ओवून दोन्ही टोकं वर घेतली, एकमेकांवरून ओलांडली, आखूड टोकाचे लांब टोकाभोवती दोन वेढे, मग लूप, आणि उरलेली तार खाली मण्याच्या डोक्यावर टोपीसारखी गुंडाळत आणली. पहिल्या प्रयत्नात तार भोकाशी करकचून ओढली आणि दगडाचा कपचा उडाला. आता तिथे किंचित सैल ठेवते, मणी थोडा हलला पाहिजे.

एक कानातलं झालं. जोडीच्या मण्याचं भोक पहिल्यापेक्षा बारीक निघालं. रीमर (भोक रुंद करायची खरखरीत सळई) पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं फिरवतेय. फार जोर लावायची हिंमत नाही, असा मणी एकच उरलाय. नाहीच जमलं तर ०.४ ची तार आहे, पण मग दोन्हीकडच्या टोप्या सारख्या दिसणार नाहीत आणि झालेलं कानातलंही उसवावं लागेल.