पॅटर्न कुणाचा?

तिसरा हप्ता आला नाही तेव्हा मी आधी बँकेत जाऊन भांडून आलो. परदेशातून पैसे येताना कागद अडकतात, हे ठाऊक होतं. बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. आलेलंच काही नव्हतं.

राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं गुऱ्हाळावरचा गेम करत होतो. काहिलीतला रस, चुलवाणातला जाळ, गुळव्याची नजर. पाक जरा जास्त तापला की ढेप काळी. युरोपातल्या एका पब्लिशरला, म्हणजे गेमला पैसे पुरवून तो विकणाऱ्या कंपनीला, तो आवडला. करार सहा हप्त्यांचा. ठरलेला टप्पा दाखवायचा, त्यांनी पास करायचा, मग 30 दिवसांत पैसे. गेम विकायला लागला की आधी त्यांची उचल फिटणार, मग आमचा वाटा. ऊसतोड टोळीसारखंच, फक्त मुकादम गोरा.

पहिले दोन हप्ते वेळेवर आले. मग टप्पा पास होईना. एकदा कॉलवर म्हणाले मेनूचा रंग बदला, नंतर मेल आला की चुलवाणाचा आवाज पुन्हा करा. पास झाल्याशिवाय बिल लावता येत नाही. त्यामुळं पैसे संपलेत असं कुणी म्हणत नाही, नुसत्या दुरुस्त्या येत राहतात. शेवटी त्यांच्या प्रोड्यूसरनंच सांगून टाकलं: नवा गुंतवणूकदार येणार होता, तो मागं फिरला. आमचे हप्ते त्याच्याच पैशांतून जायचे होते.

बाबांची उद्यमनगरात फौंड्री. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे तुझी पार्टीबी उचलीवरच हाय की! आणि पॅटर्न कुणाकडं हाय?"

पॅटर्न म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा पाडतात तो पार्टीचा नमुना. पार्टी बुडाली की तिचे घेणेकरी फौंड्रीत पॅटर्न उचलायला येतात, हे त्यांनी पाहिलेलं. त्या रात्री मी करार पहिल्यांदा नीट वाचला. (सही करताना रक्कम तेवढी वाचली होती.) कोड आमचा, पण विकण्याचा हक्क सात वर्षं त्यांचा आणि स्टीमवरचं, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातलं, गेमचं पानही त्यांच्याच खात्यात.

मोठ्यांचंही असंच होतं, हे तेव्हा शोधताना कळलं. स्वीडनच्या एम्ब्रेसर या गेम कंपनीनं स्टुडिओ विकत घेण्याचा सपाटा लावला होता. मे 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोन अब्ज डॉलरहून मोठा एक सौदा फिसकटला. होकार होता, पण तोंडी! त्या एका दिवसात शेअर 40 टक्क्यांहून जास्त आपटला, आणि ऑगस्टमध्ये त्यांचा व्हॉलिशन हा 1993 पासूनचा स्टुडिओ बंद झाला. याच व्हॉलिशनचा आधीचा मालक, टीएचक्यू हा पब्लिशर, डिसेंबर 2012 मध्ये दिवाळखोरीत गेला होता. जानेवारी 2013 च्या लिलावात त्याचे स्टुडिओ आणि अर्धवट गेम सुटे सुटे विकले गेले. आमचं गुऱ्हाळ तसल्या लिलावात गेलं असतं तर कोल्हापुरात कुणाला पत्ताही लागला नसता.

वकिलांनी करारातलं एक कलम बोटानं दाखवलं: 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा पास धरावा. रंगाची गोष्ट तोंडी होती, आवाजाचा मेल 22 व्या दिवशी आलेला. म्हणजे टप्पा केव्हाच पास झाला होता आणि पैसे थकले होते. आम्ही बिल लावलं, 30 दिवस थांबलो, मग कराराप्रमाणं आणखी 30 दिवसांची नोटीस दिली. वकिलांची घाई एवढ्यासाठी की दिवाळखोरीचा अर्ज पडला असता तर बोलणी पब्लिशरशी नव्हे, कोर्टानं नेमलेल्या माणसाशी करावी लागली असती.

त्यांनी फार ताणलं नाही. हक्क परत, बदल्यात मिळालेली उचल गेमच्या विक्रीतून फेडायची. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो, स्टीमचं पान जसंच्या तसं आमच्या खात्यात हवं. नवं पान 100 डॉलर भरून काढता येतं, पण जुन्या पानावर लोकांनी विशलिस्टला, म्हणजे पुढं घ्यायच्या यादीत, टाकलेला गेम नव्या पानावर येत नाही.

पान आलं तेव्हा चौघांतले दोघंच उरलो होतो. बाकीच्यांनी पुण्यात नोकऱ्या धरल्या. त्याच आठवड्यात प्रोड्यूसरचा मेल आला, घरच्या आयडीवरून. त्याची नोकरी गेली होती. चुलवाणाचा आवाज शेवटी कसा झाला, तेवढं ऐकव म्हणाला.