एसएसएच टाकलं, पण सर्व्हिसची फाइलच नाही

गेल्या महिन्यात जुन्या लॅपटॉपचा घरातला बॅकअप सर्व्हर केला. रनिट (मशीन सुरू झाल्यावर सर्व्हिस चालू करून सांभाळणारा इनिट प्रोग्रॅम) वापरणारी एक लिनक्स डिस्ट्रो टाकली, दुरून लॉगिन करायला ओपनएसएसएच टाकलं, सर्व्हिस चालू करायला सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) दिली, रीस्टार्ट मारला आणि लॅपटॉप माळ्यावर ठेवून दिला. खाली येऊन कनेक्ट करतोय तर कनेक्शन रिफ्यूज्ड. परत शिडी लावली, लॅपटॉप खाली काढला, बघतो तर पॅकेज आहे, प्रोग्रॅम आहे, पण ज्या फोल्डरकडे मी सिमलिंक केली ते फोल्डरच नाही! त्या डिस्ट्रोत सुरू करायची स्क्रिप्ट वेगळ्या पॅकेजात असते आणि ते मी टाकलंच नव्हतं, आणि लिंक बनवणारी एलएन कमांड काही बोलत नाही, समोर काही नसलं तरी गुपचूप लिंक करून देते.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की सर्व्हिस सुरू करायची ही चार ओळींची फाइल कोण लिहितं, कुठे ठेवतं, कोण सांभाळतं, हे प्रत्येक डिस्ट्रो किती वेगळं ठरवते.

मुळात एकच स्क्रिप्ट सगळीकडे का चालत नाही? जुन्या सिसव्ही इनिट पद्धतीत डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) स्वतः बॅकग्राउंडला जातो, मग स्क्रिप्टला त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) फाइलमध्ये शोधून स्टॉप, रीस्टार्ट सगळं स्वतःच करावं लागतं, म्हणून त्या स्क्रिप्टा एवढ्या लांबलचक. रनिटमध्ये उलटं, डेमनने फोरग्राउंडलाच राहायचं, कारण रनिटचा रनएसव्ही हा प्रोग्रॅमच त्याचा बाप, पोरगं मेलं की त्याला लगेच कळतं आणि तो परत उठवतो. म्हणून रनिटवरच चालणाऱ्या व्हॉइड डिस्ट्रोतली एसएसएचडीची (ओपनएसएसएचच्या सर्व्हरची) रन फाइल इतकी छोटी आहे: होस्ट की (सर्व्हरच्या ओळखीच्या किल्ल्या) नसतील तर बनव, कॉन्फ असेल तर वाच, आणि एक्झेक करून डॅश-डी (म्हणजे फोरग्राउंडलाच राहा) लावून एसएसएचडी चालव. संपलं. व्हॉइडला मुख्य सर्व्हिस मॅनेजर एकच सांभाळायचाय म्हणून ही फाइल मूळ पॅकेजातच असते, सर्व्हिसच्या फोल्डरमध्ये लिंक टाकली की रनिटचाच रनएसव्हीडीआयआर ते फोल्डर दर 5 सेकंदांनी बघतो, त्याला ती सापडते.

जेन्टू डिस्ट्रोवाले म्हणतात फाइल एवढीशी तर आहे, ओपनआरसीची पण टाका आणि सिस्टिमडीची पण टाका (हे दोन्ही रनिटसारखेच इनिट), कुणाला नको असेल त्याने इन्स्टॉल-मास्क ही सेटिंग लावून गाळावी. आर्टिक्सने मात्र चार चार पॅकेजं केलीत, ओपनएसएसएचच्या नावापुढे डॅश ओपनआरसी, डॅश रनिट, डॅश एस6, डॅश डीइनिट, आपल्याला हवं ते आपण आठवणीने टाकायचं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत अल्पाइनची. तिथेही स्क्रिप्ट वेगळ्या उप-पॅकेजात असते, पण त्याला इन्स्टॉल-इफ असा नियम लावलेला असतो, म्हणजे मशीनवर ओपनआरसी असेल आणि मूळ पॅकेजही असेल तर हे तिसरं आपोआप येतं. कंटेनरमध्ये (सहसा एकच प्रोग्रॅम चालवायच्या छोट्या, वेगळ्या वातावरणात) सहसा ओपनआरसी नसतं, तर तिथे स्क्रिप्टही येत नाही. लक्षात ठेवायचं ओझं माणसावर टाकलंच नाही, पॅकेज मॅनेजरवर टाकलं, आणि मला वाटतं हेच बरोबर आहे.

आणि नुसती फाइल असून भागत नाही, पॅकेज टाकल्या टाकल्या सर्व्हिस चालू व्हावी का हा वेगळाच वाद. डेबियनमध्ये सहसा होते, पॅकेज बनवायचं डेबहेल्पर हे साधन इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तसा तुकडा घालून देतं, आणि नको असेल तर पॉलिसी-आरसी-डी नावाची स्क्रिप्ट ठेवायची जी 101 परत करते, म्हणजे चालू करू नको. फेडोरात ते पॅकेज करणाऱ्याच्या हातात नसतं, डिस्ट्रोची प्रीसेट फाइल (कोणत्या सर्व्हिस चालू करायच्या याची यादी) ठरवते. आर्चमध्ये काहीच चालू होत नाही, तुम्ही स्वतः इनेबल करायचं. नावं पण धड एक नाहीत, डेबियनची सर्व्हिस एसएसएच आणि बाकी बऱ्याच ठिकाणी एसएसएचडी.

डेबियनची गोष्ट मला जास्त लागते. 2014 च्या फेब्रुवारीत मुख्य इनिट कोणता यावर टेक्निकल कमिटीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आलं, त्यातूनच देवुआन ही सिस्टिमडी नसलेली डिस्ट्रो फुटून निघाली. तरी बरीच वर्षं पॅकेजांत सिसव्ही आणि सिस्टिमडी दोन्हींच्या फाइली राहिल्या. मग 2019 च्या डिसेंबरात सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं, सिस्टिमडी मुख्य, बाकीच्यांना प्रयोग करायला वाव, असा पर्याय जिंकला. त्यानंतर काही मेंटेनरांनी (पॅकेज सांभाळणाऱ्यांनी) सिसव्ही स्क्रिप्टा काढून टाकायला सुरुवात केली, आणि त्यांचं पण चूक नाही म्हणता येत, जो माणूस सिसव्ही चालवतच नाही त्याने ती स्क्रिप्ट टेस्ट कशी करायची? शिवाय सिस्टिमडीच्या युनिट फाइलींमध्ये कुणी कनेक्ट केल्यावरच सर्व्हिस सुरू करणारं सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशन, सिस्टिमच्या फाइलींवर लिहायला बंदी करणारं प्रोटेक्ट-सिस्टिम अशा गोष्टी थोड्याच ओळींत होतात, त्या शेल स्क्रिप्टमध्ये आणायच्या म्हणजे फार खटपट.

पण काढलेल्या स्क्रिप्टा कुणी फेकून दिल्या नाहीत. डेबियनमध्ये आता ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स नावाचं पॅकेज आहे, मूळ पॅकेजांनी सोडलेल्या स्क्रिप्टा त्यात एकत्र ठेवल्यात, आणि गरज असेल तिथे ते त्या इनिट-डी या सिसव्ही स्क्रिप्टांच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. ज्यांना त्या लागतात तेच आता त्या सांभाळतात.