मंडी, ढाबा की तहसीलची गल्ली: वरुडात हॉटेलची जागा शोधताना

आमच्याकडे चहाची टपरीही हॉटेलच आणि पोटभर जेवू घालणारी खानावळही हॉटेलच. नागपूरच्या एका सावजी भोजनालयात अकरा वर्षं काढून २०२३ च्या दिवाळीत मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुडला परत आलो आणि "हॉटेल टाकतो" म्हणालो, तेव्हा घरात प्रत्येकाला वेगळं हॉटेल दिसलं. वडिलांना भट्टी आणि कढईतले आलुबोंडे दिसले, आईला लग्नाच्या ऑर्डरी, आणि मला माझ्या हातचा मटणाचा रस्सा, वर बोटभर तर्री. जागेचा विचार कोणीच केला नव्हता. मी तर नाहीच. गर्दी असेल तिथं गाळा घ्यायचा, त्यात काय एवढं?

गर्दी समोरच होती. संत्र्याच्या दोन बहारांपैकी तो आंबिया बहाराचा ऐन हंगाम. संत्रामंडीच्या रस्त्यावर ट्रक, पिकअप, कॅरेटच्या थप्प्या, माल छाटायला बसलेल्या बाया, मोबाइल कानाला लावून फिरणारे व्यापारी. तिथून दोनशे पावलांवर नवा गाळा रिकामा होता. भाडं सहा हजार, अनामत पन्नास हजार. मी इसार द्यायला निघालो तर काकांनी हटकलं. त्यांनी उभा जन्म बागांच्या दलालीत काढलाय.

"काहून रे, आता गर्दी दिसून रायली तुले? मे महिन्यात ये इथं. कुत्रं दिसनार नाही."

मला हे कळायला हवं होतं, संत्र्याच्या घरातच वाढलोय. आंबियाचं फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतं, मृगाचं फेब्रुवारी ते एप्रिलात. मधे जानेवारी थोडा सैल, आणि मे ते सप्टेंबर मंडीत शांतता. म्हणजे वर्षातले पाच महिने भाडं खिशातून. शिवाय सगळे हंगामही सारखे नसतात. त्याच वर्षी बांगलादेशाने संत्र्यावरचा आयात कर किलोमागे ८८ टका केला होता, आणि तिकडे माल धाडणारे व्यापारी हात आखडून बसले होते. ढाक्यात कर वाढला की वरुडात माझ्या भाताचं पातेलं उरणार, हे गणित मला पचेना. तरी हट्टाने चार दिवस वही घेऊन मंडीपाशी बसलो. छाटणीच्या बाया फडक्यात भाकर आणि ठेचा घेऊन आलेल्या. ट्रकवाल्यांचा स्वतःचा स्टोव्ह, ट्रकच्या सावलीत खिचडी शिजते. मोठे व्यापारी गाडीत बसून घरी. शेकड्यांनी माणसं, पण दुपारी पैसे देऊन जेवेल असा माणूस एका दिवसात तिशीच्या वर काही सापडला नाही.

आणि पाणी. वरुड तालुक्यात जमिनीतलं पाणी किती खोल गेलंय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. बागा जगवायला लोक आठशे-हजार फूट बोअर मारतात. त्या गाळ्याच्या बोअरला एप्रिलपर्यंत पाणी असतं, असं मालकच म्हणाला. 'पर्यंत' हा शब्द त्याने इतक्या सहज वापरला की मी इसाराचे पैसे परत खिशात घातले. हॉटेलात पिण्यापेक्षा भांडी धुवायला जास्त पाणी लागतं.

दुसरी जागा मित्राची, अमरावती रोडवर. वावराचा रस्त्याला लागून असलेला पट्टा, मोहाचं मोठं झाड, बाजा टाकल्या की झाला ढाबा. मटण तर तिथंच शोभलं असतं. पण सातबाऱ्यावर ती शेती. वर हॉटेल बांधायचं तर अकृषक परवानगी, रस्त्यापासून सोडायचं अंतर, रस्त्याला जोड द्यायची परवानगी, विजेची व्यावसायिक जोडणी. मित्र म्हणे, सगळेच तर असेच चालवून रायले. चालवत असतील. पण माझे साडेतीन लाख अकरा वर्षांच्या घामाचे होते, आणि कोणी एक कागद घेऊन आला की शेड पाडायची, हे मला झेपणारं नव्हतं. शिवाय बायकोने एकच प्रश्न विचारला, "तिथं बाया बसतीन का?" मी गप्प. रात्री ढाब्यावर कोण येतं आणि सोबत काय घेऊन येतं, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

रेल्वे स्टेशनचाही विचार केला, उगीच खोटं कशाला बोला. स्टेशनचं नाव 'वरुड ऑरेंज सिटी'. नाव वाचून वाटतं उतरल्याबरोबर कोणी रस हातात देईल. गाड्या मोजक्या. एका दुपारी जाऊन आलो आणि विषय संपला.

मग एसटी स्टँड. स्टँडसमोरचे गाळे रिकामे होतच नाहीत. झाला तर त्याची पगडी ऐकून माणूस खाली बसतो. ज्याने मला एक गाळा दाखवला त्याने पावती न देता दोन लाख मागितले, तेही 'आजच्या आज'. मी घेतला नाही. पण स्टँडवर बसून मोजलेली वही मात्र कामी आली. मंडीच्या अनुभवानंतर मी नुसती माणसं मोजणं सोडून दिलं होतं. कोण उतरतं, कुठं जातं, किती वाजता परत येतं आणि मधे काय खातं, एवढंच लिहायचो.

गावातला माणूस गावात पैसे देऊन जेवत नाही. भूक लागली की घरी जातो. बाजाराच्या दिवशीही नाश्ता करेल, चहा दोनदा घेईल, थाळी घेणार नाही. माझं गिऱ्हाईक आजूबाजूच्या खेड्यांतून कामाला आलेलं, काम न झाल्यामुळे दुपारभर अडकलेलं. सकाळी नऊच्या गाडीने उतरलेला माणूस साडेबारापर्यंत साहेबाची वाट पाहतो, मग दीडला 'जेवण झाल्यावर या' ऐकतो. त्याला जेवायलाच लागतं.

आणि त्यात बाया होत्या, भरपूर. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट, त्याआधीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. पूर्वी घरचा गडी एकटा यायचा, आता सासू, सून, कडेवरचं लेकरू असे तिघं येताना दिसत. तहसीलमधून बँकेत, बँकेतून दवाखान्यात. दुपारी त्या कुठं बसतात म्हणून पाहिलं, तर बँकेच्या पायऱ्यांवर. बिस्किटचा पुडा आणि एका चहात दोघी. कारण चहाच्या ठेल्यावर सगळे गडी बसलेले, आणि हात धुवायला, लघवीला जायला कुठं जागा नाही. मी वहीत त्या दिवशी फक्त 'संडास' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तहसीलकडून बँकेकडे जाणारी एक गल्ली आहे. त्यात एका आजींचं जुनं घर, पुढे मोठी ओसरी, बाजूला आड. आड बुजवलेला नाही आणि उन्हाळ्यात तळ गाठला तरी कोरडा पडत नाही, हे शेजारच्या तिघांना वेगवेगळं विचारून खात्री केली. गल्ली अरुंद, पाटी मुख्य रस्त्यावरून दिसत नाही. काका म्हणाले, "इथं तुले कोन शोधत येनार?" मी म्हटलं, शोधत यायचं कामच नाही, इथून जाण्यावाचून त्यांना दुसरा रस्ताच नाही. एका मंगळवारी बारा ते दोन त्या गल्लीतून गेलेली माणसं मोजली होती, दोनशे अकरा. त्यातली तीन वेळा इकडून तिकडे गेलेली वजा केली तरी दीडशे उरतात.

आजी मात्र सरळ मान्य होईनात. भाडं चार हजार ठीक, मोरी आणि संडास नवीन बांधतो म्हटलं तेही ठीक. शेवटी त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "मटन-मच्छी घरात शिजनार नाही. अंडंही नाही. बाकी काय शिजवायचं ते शिजव बाप्पा."

अकरा वर्षं मी दुसरं काय शिकलो होतो? तीन दिवस घरी कोणाशी धड बोललो नाही. चौथ्या दिवशी बायकोने सावजीच्याच मसाल्यात पाटवडीचा रस्सा केला आणि ताट समोर ठेवून काहीच बोलली नाही. खसखस, खोबरं, काळी मिरी, सगळं तेच. मटणाच्या जागी बेसनाच्या वड्या. मी दोनदा रस्सा वाढून घेतला.

कागदपत्रांचं फारसं सांगण्यासारखं नाही. उलाढाल बारा लाखांच्या आत धरली होती म्हणून अन्नाचा परवाना म्हणजे नुसती नोंदणी, तेव्हा वर्षाचे शंभर रुपये. गुमास्त्याचं, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचं, दहापेक्षा कमी माणसं असल्याने ऑनलाइन कळवून भागलं. घरचा सिलिंडर वापरायचा नाही, १९ किलोचाच घ्यायचा. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. आजींच्या मुलाला स्टँप पेपरवर सही करून मोकळं व्हायचं होतं. मी नोंदणीकृत करारच हवा म्हणालो. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा असा कायदा आहे, आणि मी त्या घरात एक लाख दहा हजारांचं बांधकाम करणार होतो. उद्या मुलगा नागपूरहून परत आला आणि घर विकायचं म्हणाला तर? पाच वर्षांचा करार झाला. आजी सहीला आल्या तेव्हा सोबत घरची संत्री घेऊन आल्या, मृगाची शेवटची.

जून २०२४ मध्ये सुरू केलं. पाटवडी रस्सा, दोन भाकरी, भात, ठेचा, साठ रुपये. सकाळी तर्री पोहे आणि आलुबोंडा. पंधरा दिवसांत 'लाडकी बहीण' जाहीर झाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आमच्या गल्लीपर्यंत रांग. रोज एकशे साठ थाळ्या. वडील म्हणाले, शेजारचाही गाळा घे. मग पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना दाखला लागणार नाही असं झालं, आणि त्यानंतरच्या सोमवारी बावन्न थाळ्या गेल्या. तेव्हा गाळा घेतला असता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो, भाडं फेडत बसलो असतो. आता रोजच्या सत्तर-ऐंशी जातात. पेरणीच्या आठवड्यात चाळीस, कारण माणूस वावर सोडून कचेरीत येत नाही.

एक गोष्ट माझ्या वहीतून निसटली होती. मी शनिवारी कधी मोजलंच नव्हतं. सरकारी कचेऱ्यांचा आठवडा २०२० पासून पाच दिवसांचा आहे, बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. हॉटेल सुरू झाल्यावरच्या पहिल्याच शनिवारी मी सत्तर भाकरी थापून ठेवल्या आणि गल्लीत गाय बसलेली. त्या भाकरी तिनेच खाल्ल्या, अर्ध्या तरी.

आता हंगामात शनिवारी बायको आणि मी डबे बांधून मंडीत नेतो, व्यापाऱ्यांच्या मुनिमांना आणि हमालांना. रविवारी हॉटेल बंद. त्या दिवशी वावरात तीन दगडांची चूल मांडून मी मटण करतो. कोणाची ऑर्डर असली तर पातेलं मोठं, नसली तर घरच्यापुरतं. परवा आजींचा मुलगा आला होता, त्याने दोनदा रस्सा घेतला आणि म्हणाला, आईला सांगू नका.